‘माजलेत’ हा शब्द आपला नाही

गेल्या १४ एप्रिलची गोष्ट. आम्ही चौघे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातून कोलंबिया विद्यापीठाकडे निघालो होतो. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकले. तिथल्या एका ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. परदेशात राहणारी आपली माणसे जयंतीला तिथे जाऊन अभिवादन करतात. भुयारी रेल्वेची १ नंबरची गाडी पकडायची आणि ११६व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचे. हे स्टेशन १९०४ सालचे, म्हणजे बाबासाहेब इथे आले तेव्हाही ते होते.

वाटेत एका स्टेशनवर गाडी थांबली ती हलेना. पुढे कुणी प्रवासी आजारी पडला आहे, असे कंडक्टरने दोनदा सांगितले. इथे कंडक्टर गाडीच्या मधल्या भागातल्या छोट्या केबिनमध्ये असतो. आमच्या गाडीची कंडक्टर एक कृष्णवर्णीय बाई होती. फलाटावरचा एक सुटाबुटातला माणूस तिच्या खिडकीशी जाऊन ओरडत होता. तिने तेच उत्तर शांतपणे पुन्हा दिले. शेवटी दारे मिटली, गाडी हलली, आणि त्या माणसाने तिच्या दिशेने थुंकले. गाडी सुटताना डोके बाहेर काढून फलाटाकडे बघत राहणे हा तिच्या कामाचा नियम आहे. ती मान आत घेऊ शकत नव्हती. डब्यात दोघे-तिघे हसले.

आणि आमच्यातला एक जण मराठीत म्हणाला, "बरं झालं. फुकटचा पगार खातात. युनियनवाले माजलेत नुसते."

आम्ही त्याला तिथल्या तिथे अडवले नाही. आमच्यात एक भुसावळकडचा मित्र होता, त्याचे वडील रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झाले. तो ११६व्या रस्त्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. जिना चढून वर आल्यावर एवढेच म्हणाला, "माझ्या बापालाही असंच म्हणायचे." नंतर पुतळ्याला हार घालताना आमचे हात जड झाले होते. त्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आज लिहितो आहोत.

या कामगारांविषयी शहर काय बोलते, ते आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो आहोत. आळशी आहेत, उद्धट आहेत, शिक्षण नाही तरी पगार घेतात, पेन्शन घेतात. कंडक्टर प्रत्येक स्टेशनवर समोरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे बोट दाखवतो, त्याचीही चेष्टा होते. ते बोट कशासाठी? पूर्ण गाडी फलाटाला लागली आहे याची त्याने खात्री केली, एवढ्यासाठी. शेवटचा डबा बोगद्यातच राहिला आणि दार उघडले, तर माणूस रुळावर पडेल. ४७२ स्टेशने आहेत, गाड्या रात्रंदिवस धावतात. रात्री आपण झोपतो तेव्हा बोगद्यात माणसे रूळ दुरुस्त करत असतात आणि शेजारच्या तिसऱ्या रुळातून सहाशे व्होल्टची वीज वाहत असते. ही माणसे प्रवाशाला दिसत नाहीत. गाडी वेळेवर आली तर ती यंत्राची करामत, उशिरा आली तर कामगाराचा माज!

आता थुंकण्याविषयी. २०१० साली इथे एक बातमी गाजली होती. आदल्या वर्षी अंगावर थुंकले गेल्यामुळे शहराच्या ५१ बसचालकांनी रजा घेतली, आणि ती सरासरी ६४ दिवसांची होती. लोकांना राग कुणाचा आला? थुंकणाऱ्यांचा नाही. एवढ्याशा थुंकीसाठी दोन महिने रजा कशाला, असा सवाल करून चालकांचीच टिंगल झाली.

मित्रांनो, थुंकी ही ‘एवढीशी’ गोष्ट आहे असे निदान आपण तरी म्हणू शकतो का? पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके बांधले ते थुंकीसाठीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे आपल्याला बंद होती, कारण तुटलेला धागा जोडताना तोंडाची लाळ लागायची. आपली लाळ विटाळाची ठरली, आणि आपल्यावर थुंकणे हा मात्र दुसऱ्याचा हक्क ठरला. थुंकणारा माणूस घाईत असला तरी कुणावर थुंकायचे हे त्याला नेमके कळते. गाडी उशिरा आली म्हणून कुणी महापौरावर थुंकल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिनमध्ये एका कंडक्टरच्या मानेवर चाकूचा वार झाला. तोही असाच नियमाप्रमाणे डोके बाहेर काढून फलाट बघत होता. सहकाऱ्यांनी सुरक्षेचा प्रश्न उभा केला, सकाळी त्या मार्गावरच्या गाड्या विस्कळीत झाल्या. त्या सकाळी आमच्या कानावर जास्त करून काय पडले? उशीर झाला, मीटिंग चुकली.

ही कामे कुणाच्या वाट्याला आली, हेही बघितले पाहिजे. सुरुवातीच्या काळात या रेल्वेत कृष्णवर्णीय माणसाला पोर्टरचे काम मिळायचे. पोर्टर म्हणजे झाडू-पोछा करणारा. गाडी चालवणे त्याच्यासाठी नव्हते. हार्लेमच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या खाजगी बसमध्येही कृष्णवर्णीय चालक नव्हते. १९४१ साली ॲडम क्लेटन पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे कंपन्या भरतीला तयार झाल्या.

याच्या तीनच वर्षे आधी, १२ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत. ते भाषण आपण सगळे सांगतो, पण त्यातला रेल्वेचा तपशील विसरतो. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून आयुष्यभर तिथेच राहतो, त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि मास्तर सवर्ण असतो, असे बाबासाहेबांनी मांडले होते. एकच शब्द, ‘पोर्टर’. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीयाला तेवढेच काम, आणि मनमाडला आपल्याला तेही नाही. नियम मात्र एकच: जन्म बघून काम द्यायचे आणि काम बघून माणूस तोलायचा.

म्हणूनच ‘माजलेत’ हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. हा शब्द कुठून आला ते आठवा. महाडच्या १९२७ च्या परिषदेनंतर गावोगावच्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावाचे त्यांच्यावाचून अडत होते, तरी गाव त्यांना माणूस मानत नव्हते. त्यांनी नाही म्हटल्यावर गावाने काय म्हटले? ‘महार माजले.’ मग बहिष्कार, मारहाण, दाणापाणी बंद. ज्याच्यावाचून आपले चालत नाही त्यालाच तुच्छ लेखायचे, आणि त्याने नकार दिला की त्याला माजोरी ठरवायचे, ही जुनी गावकीच आहे. बोगद्यात, विजेच्या दिव्याखाली दिसली म्हणून ती वेगळी होत नाही.

आता संपाचा प्रश्न. १९६६ साली इथल्या वाहतूक कामगारांनी बारा दिवस संप केला. त्यानंतर १९६७ मध्ये टेलर कायदा आला आणि राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप बेकायदा ठरला. तरीही डिसेंबर २००५ मध्ये सुमारे ३४ हजार कामगार साठेक तास संपावर गेले. नेते होते रॉजर तुसाँ, त्रिनिदादमध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय. वाद पेन्शनचा होता, तसाच रोजच्या अपमानाचा आणि शिस्तभंगाच्या नोटिसांचाही होता. त्या वेळचे महापौर ब्लूमबर्ग हे स्वतः अब्जाधीश. त्यांनी युनियनच्या वागण्याला गुंडगिरी म्हटले. युनियनला २५ लाख डॉलरचा दंड झाला, तुसाँ यांना दहा दिवसांची कैद सुनावली गेली.

आमच्या त्या मित्राचा मुद्दा आम्ही झटकत नाही. संपात हाल गरिबांचे होतात, हे खरे आहे. त्या थंडीत मोलकरणी आणि इस्पितळातले सफाई कामगारही पायी चालले. पण या मुद्द्याला बाबासाहेबांनी १९३८ सालीच उत्तर दिले आहे. मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणून संपावर बंधने घातली, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबरला संप पुकारला. बाबासाहेबांची मांडणी सरळ होती. संप करणे गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, आणि अशा राबवण्याला गुलामगिरी म्हणतात. मग जो बाबासाहेबांना अभिवादन करायला निघाला आहे, त्याने वाटेत संपवाल्या युनियनला ‘माजलेले’ म्हणायचे, हे कसे जमते?

२०२० च्या साथीत याच कामगारांना शहराने टाळ्या वाजवल्या. सुरुवातीला त्यांना मास्क लावायला मनाई होती. शंभराहून अधिक कामगार मेले. ‘अँट्स अमंग एलिफंट्स’ या पुस्तकाच्या लेखिका सुजाता गिडला या आपल्याच, तेलुगू दलित घरातल्या, आणि याच रेल्वेत कंडक्टर. त्यांनी तेव्हा लिहिले की, आम्हाला ‘अत्यावश्यक’ म्हणतात, पण प्रत्यक्षात आमचा बळी दिला जातो आहे. त्यांची राजकीय भूमिका डावी आहे आणि आमचे त्यांच्याशी मतभेद आहेत. पण फलाटावरचा माणूस त्या खिडकीवर थुंकतो तेव्हा आत आपली बहीणही असू शकते, हे आमच्या मित्राच्या ध्यानात आले नव्हते. आणि आत कुणीही असो, आपल्या ‘दलित पँथर’ या नावातला पँथर आपण कृष्णवर्णीयांकडूनच घेतला आहे, हे तरी विसरू नये.

हा प्रश्न फक्त न्यूयॉर्कचा नाही. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात एसटी कामगारांचा संप महिनोन्महिने चालला, तेव्हा आपल्याच नोकरदार घरांत ‘यांना काय कमी आहे?’ असे बोलले गेले. आपल्यातले कितीतरी जण गँगमनच्या, कंडक्टरच्या, झाडूवाल्याच्या पगारावर शिकले. शिकून आपण गाडीत बसलो ही चळवळीची कमाई आहे. पण बसल्यावर नजरही बसलेल्यांचीच झाली, तर कमाई कसली?

तेव्हा आपले तरुण कुठेही राहोत, एवढे करावे. गाडी अडकली तर रूळ, सिग्नल आणि भरतीचा पैसा कोण अडवतो ते विचारावे, समोरच्या कामगाराला जाब विचारू नये. कामगार संपावर गेला तर आधी त्याची मागणी वाचावी, मग मत द्यावे. आणि कुणी ‘माजलेत’ म्हटले तर तिथेच थांबवावे, घरचा माणूस असला तरी.

आम्ही त्या दिवशी थांबवले नाही. परतीच्या वाटेवर भुसावळच्या मित्राने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. रात्रीच्या गस्तीला हातात दिवा आणि खांद्यावर हातोडा घेऊन ते रुळाने चालत जायचे, आणि त्यांनी तपासलेल्या रुळावरून पहाटे मुंबईची गाडी जायची. ज्याने तो शब्द वापरला होता तो गप्प बसून ऐकत होता. उतरताना म्हणाला, "चुकलं माझं." आमचेही चुकलेच होते.

जय भीम.