हद्द कायम

घराभोवती कुंपण घालावयाचे ठरले, शेजाऱ्याने भिंतीस हरकत घेतली, अथवा कर्जप्रकरणात बँकेच्या वकिलाने मोजणी नकाशाची नक्कल मागितली, म्हणजे सातबाऱ्यावरील आपल्या नावापलीकडे आजवर ज्याने कधी दृष्टी टाकलेली नसते असा सद्‌गृहस्थ तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरीत येऊन 'माझी जागा मोजून मिळावी' असा अर्ज रुजू करतो. आणि भूकरमापक म्हणून उभी हयात या खात्यात घालविल्यावर माझे असे मत झाले आहे की, पुढील सर्व मनस्तापाचे मूळ त्या एका वाक्यातच असते, कारण अर्जदाराला हवी असते जागा आणि आमच्याजवळ असते ती जुन्या दप्तरातील रेघ.

हे दप्तर कशासाठी निर्माण झाले, हे घरमालकाने प्रथम ध्यानी घ्यावे. पाच हात पाच मुठींच्या काठीने बिघे मोजण्याचा शिवकालीन प्रघात मागे पडून, व इंग्रजी अमलातील प्रिंगलसाहेबाची पहिली मोजणी फसून, विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी पद्धत घालून दिली, तिच्या पायावर मुंबई इलाख्यातील गावोगावची मोजणी झाली. तिचा हेतू सारा बसविण्याचा होता. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो गुंठा. टिपणात, म्हणजे जागेवर केलेल्या मोजणीच्या मूळ नोंदीत, मापे उतरावयाची ती साखळी-आण्यांत. आता एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. ज्वारीच्या शेतात एवढी पट्टी इकडची तिकडे झाली तरी सरकारचा सारा आणि शेतकऱ्याची भाकरी यांत तीळमात्र अंतर पडत नसे. आज त्याच पावणेपंचवीस इंचांवर शहरालगतच्या वस्तीत दिवाणी दावे उभे राहतात. त्यातच सातबारा बोलतो हेक्टर-आरांत, खरेदीखत चौरस फुटांत आणि टिपण साखळी-आण्यांत. आणि खरेदीखतातील चतुःसीमेत 'पूर्वेस अमुक यांची मिळकत' म्हणून ज्यांचा उल्लेख असतो, ते अमुक बहुधा केव्हाच कैलासवासी झालेले असतात.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी, आपल्या जागेचा कोणता नकाशा सरकारदरबारी आहे, याचा शोध घरमालकाने स्वतः घ्यावा. नगर भूमापन झालेल्या हद्दीत जागा असेल, तर मिळकत पत्रिका आणि तिच्याबरोबरचा नकाशा यांवर काम भागते. बिनशेती झालेल्या अभिन्यासातील भूखंड असेल, तर मंजूर अभिन्यासाची प्रत हवी. एकत्रीकरण झालेल्या गावी गटाचा नकाशा जुन्या टिपणांशी ताडून पाहावा लागतो, आणि ते दोन्ही कागद एकमेकांशी जुळतीलच, असे शपथेवर सांगण्यास मी धजणार नाही. खरी पंचाईत होते ती गुंठ्या-गुंठ्याने घेतलेल्या जागेची. सातबाऱ्यावर नाव चढलेले, घर बांधलेले, घरपट्टी भरलेली. परंतु पोटहिश्श्याची मोजणीच कधी झालेली नाही. अशा मालकास आम्ही सबंध गटाची बाहेरची हद्द दाखवू शकतो; आतील रेघ दप्तरात कोणी ओढलेलीच नसल्यामुळे, सर्व सहधारकांच्या संमतीने पोटहिस्सा मोजणी होईपर्यंत, ती जमिनीवर उमटविणे कोणाच्याही हाती नसते. पैसे देण्यापूर्वी हा प्रश्न विचारणारा खरेदीदार मला क्वचितच भेटला. पैसे देऊन झाल्यावर विचारणारे पुष्कळ.

मोजणीचा दिवस नोटिशीने ठरतो आणि ती नोटीस लगतच्या धारकांनाही जाते. शेजाऱ्याचा पत्ता चुकीचा देऊन काम गुपचूप उरकू पाहणारे महाभाग असतात. त्यांची मोजणी पहिल्याच तक्रारीत लंगडी पडते. प्रत्यक्ष जागेवर अर्जदाराला सर्वांत संशयास्पद वाटते ते हे की, मोजणीदार त्याच्या जागेकडे पाठ फिरवून भलतीकडेच चालू लागतो. कऱ्हाकाठच्या एका गावी एक निवृत्त शिक्षक छत्री घेऊन माझ्यामागून येत होते, न राहवून म्हणाले, "रावसाहेब, माझे घर इकडे राहिले, आणि आपण दोन शेते ओलांडून काय शोधता?" मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या घराचा कोपरा टिपणात नाही. विहीर मात्र आहे." तीन भूमापन क्रमांक जेथे एकत्र येतात तेथील दगड घायपाताच्या जाळीत अर्धा पुरलेला सापडला, तेथून जुन्या विहिरीच्या काठापर्यंतचे अंतर टिपणाशी अर्ध्या आण्याच्या आत जमले, मग कोठे फलकावरील कागदावर दृष्टिपट्टी लावून गुरुजींच्या कुंपणाकडे वळता आले. शेजाऱ्याने बळकावलेली जागा निघेल, या भरवशावर त्यांनी फी भरली होती. निघाली ती त्यांच्याच न्हाणीची भिंत, शेजाऱ्याच्या हद्दीत. शेजारी सज्जन होता. "असू द्या गुरुजी, पाणी तेवढे तुमच्याकडे काढा," एवढेच तो बोलला. पण असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके.

आता फलक आणि साखळी अडगळीत गेली. उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे रोव्हर खांबावर उभे राहते आणि काही इंचांपर्यंत बिनचूक स्थान सांगते. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावच्या गावठाणाची मोजणी प्रायोगिक म्हणून ड्रोनने झाली, आणि पुढे 2020 मध्ये केंद्र शासनाची स्वामित्व योजना देशभरातील गावठाणांसाठी निघाली. गावठाणात पूर्वीचा तपशीलवार नकाशाच नसल्याने तेथे यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. शेतजमिनीतून निघालेल्या भूखंडात मात्र यंत्र आजची भिंत कोठे आहे एवढेच अचूक सांगते. ती कोठे असावयास हवी होती, हे विचारण्यास पुन्हा त्या आण्यांच्या टिपणाकडेच यावे लागते, आणि तरुण सहकाऱ्यांना टिपण वाचता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मोजणीअंती हाती पडते ती 'क' प्रत. तीत अभिलेखाप्रमाणे हद्द आणि जागेवरील वहिवाट निरनिराळ्या रेषांनी दाखवितात. खालचा खुलासा न वाचता नकाशा घडी करून तिजोरीत ठेवू नये, कारण या दोन रेषांमधील चिंचोळी पट्टी हाच पुष्कळदा सगळ्या प्रकरणाचा जीव असतो. ती पट्टी कोणाच्या कब्जात राहावी, हे ठरविण्याचा अधिकार मोजणीदारास नाही. 'मोजणी झाली, आता भिंत पाडा' असा हुकूम आमच्या तोंडून निघेल ही अपेक्षा फोल आहे, तो विषय दिवाणी न्यायालयाचा. मोजणीच चुकली असे वाटल्यास निमताना मोजणी मागता येते आणि ती वरिष्ठ अधिकारी करतो. शेजाऱ्याने सही नाकारली तरी मोजणी रद्द होत नाही. गैरहजेरी वा नकार जबाबात व पंचनाम्यात नमूद होतो, इतकेच.

खुणा मात्र त्याच दिवशी पक्क्या कराव्यात. चुन्याची फक्की एका वळवाने धुऊन जाते आणि खुंट्या पोरे उपटून नेतात. दगड आधीच आणून ठेवलेले असावेत, आणि ते पुरताना लगतधारक उभा असावा. कुंपणाची भिंत बांधणार असाल, तर हद्दीची रेघ ही भिंतीच्या वरच्या कडेची समजू नये. जमिनीखाली पाया रुंद असतो, वर छज्जा पुढे येतो, आणि पायाचे शेवटचे पाऊलही आपल्याच बाजूस राहील इतके आत सरकून गवंड्यास दोरी धरावयास सांगावी.