पन्नास मिनिटांचं मालगुंड

दुबई ते मुंबई साधारण 1900 किलोमीटर. विमानाला तीन तास. मुंबई ते रत्नागिरीजवळचं आमचं मालगुंड त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. त्याला किती तास, हे ठामपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

2024 चे गणपती. लेकीकडून दुबईहून परत येत होतो. कोकण रेल्वेची खिडकी तेव्हा चार महिने आधी उघडायची आणि बघता बघता वेटिंग लागायचं, म्हणून विमानतळावरूनच गाडी केली. पेणपर्यंत बरं चाललं होतं. माणगावच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरने इंजिन बंद करून पाय वर घेतले, त्यावरून काय ते समजलो.

पुढच्या गाडीच्या टपावर मखर बांधलेलं. पावसाने पुठ्ठा भिजून सोनेरी कागद काचेवर लोंबू लागला. आतला गृहस्थ डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून उतरे, कागद वर खोचे, आत जाऊन बसे. पुन्हा लोंबला की पुन्हा उतरे. वडापाव विकणारी पोरं तेवढी पुढे सरकत होती. पोलीस भिजत उभे होते, पण बाजारपेठेतून जाणाऱ्या रस्त्यावर एसट्या, कंटेनर आणि अख्खी मुंबई एकदम उतरल्यावर त्यांनी तरी काय करावं? 2011 पासून चौपदरीकरण चाललंय आणि माणगावचा बाह्यवळण रस्ता अर्धवट.

तेवढ्यात नातवाचा फोन. "आजोबा, इथे लिहिलंय, मुंबई-रत्नागिरी फ्लाइट टाइम 50 मिनिटं. तुम्ही गाडीने का गेलात?"

"अरे, विमान असेल तर ना!"

"मग वेळ कसा लिहिलाय?"

काय सांगणार? सरळ रेषेतल्या सव्वादोनशे किलोमीटरना वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्याची मिनिटं मिळवायची, झालं. विमान असलंच पाहिजे अशी अट त्या गणितात नाही. माणगावात बसून मला राग आला तो त्या पन्नास मिनिटांचा. रस्त्याचा राग केव्हाच संपलाय.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायचा मान माझा. पुतण्याने आणून पाटावर ठेवलीही होती. "काका, तुमची किती वाट बघणार?" म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. तरी लागलं ते लागलंच.

आता, रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला धावपट्टी आहे, तटरक्षक दलाची विमानं उतरतात, प्रवासी टर्मिनलचं काम काढलंय. सिंधुदुर्गात चिपीला 9 ऑक्टोबर 2021 ला विमानतळ सुरू झाला, पण तो आम्हाला ओलांडून पार पलीकडे. तिथून उलट यायचं. कोल्हापूरला उतरून आंबा घाटाने येता येतं, पावसात दरड नसली तर. माझं ऐकाल तर गणपतीला येणाऱ्याने चतुर्थीच्या तीन दिवस आधी निघावं. आमचे वाडवडील भाऊच्या धक्क्यावर बोट धरून जयगडला उतरत. पावसाळ्यात बोट बंद, हे तरी आधीपासून ठाऊक असे.

खरं सांगायचं तर विमान यावं असंही मनापासून वाटत नाही. सुट्ट्यांत गणपतीपुळ्याला पाय ठेवायला जागा नसते, आरे-वारेच्या वळणांवर गाड्यांची रांग लागते. पन्नास मिनिटांत माणसं येऊ लागली तर मालगुंडात जमीन आमच्या पोरांना परवडेल का? पण पेपरात मिरजोळ्याची बातमी आली की आधी तीच वाचतो, आणि गणपतीत तिकिटाचा दर काय ठेवतील याचा हिशेब लगेच मांडायला बसतो.