थप्पीवरचे आच्छादन

साठवलेल्या धान्याला वायूची धुरी देताना थप्पीवर जे आच्छादन घालतात, त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. वायू आत टिकला पाहिजे आणि आच्छादन जमिनीला घट्ट बसले पाहिजे. बाजारात मात्र ते जाडी आणि किलोचा भाव पाहून निवडले जाते. रायपूर जिल्ह्यातल्या अभनपूर परिसरात भातगिरण्यांच्या गोदामांतले हे काम प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले आहे. पुढील विवेचन त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

अभनपूर रायपूर–धमतरी रस्त्यावर आहे आणि राजिमचा फाटा तिथूनच फुटतो. नोव्हेंबरपासून धान खरेदीची धांदल सुरू होते. चाळीस किलोचे कट्टे उघड्या फडावर रचले जातात आणि त्यांवर काळे पॉलिथिन चढते. हे पॉलिथिन पावसासाठी असते. ते दोऱ्यांनी आवळलेले असले तरी खालून वारा खेळता राहतो, आणि तो खेळायलाच हवा. सरकारी खरेदीत धानाला 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. इतके ओले धान हवाबंद केले तर हिवाळ्याच्या थंड रात्री आच्छादनाच्या आतल्या बाजूला पाणी सुटते आणि वरच्या थराला बुरशी धरते. पावसाचे आच्छादन आणि धुरीचे आच्छादन ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच ताडपत्रीवर दोन्ही भागवण्याची काटकसर महागात पडते.

धुरीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याने 3 ग्रॅमच्या गोळीतून सुमारे 1 ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. हा वायू माणसालाही घातक असल्यामुळे भारतात या गोळ्यांच्या वापरावर निर्बंध आहेत आणि धुरी तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते. सोंडकिडा किंवा तांबडा भुंगेरा चालताफिरता असताना लवकर मरतो. अंडी आणि कोष चिवट असतात. ते मारायचे तर वायूची पुरेशी मात्रा पाच ते सात दिवस टिकवावी लागते. ती तिसऱ्या दिवशीच गळून गेली, तर किडे मेलेले दिसतात, महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते आणि दोष गोळ्यांना दिला जातो. अशा अर्धवट धुरीतून वाचलेल्या किड्यांमुळेच फॉस्फीनला दाद न देणारे वाण तयार होतात.

आता आच्छादनाचा पदार्थ. सर्वांत स्वस्त मिळते ती विणलेली, वरून लेप दिलेली प्लॅस्टिकची ताडपत्री. ओढाताण ती चांगली सोसते, पण घडीवर लेपाला तडे जातात आणि विणीतून वायू निघून जातो. साधे एलडीपीई पॉलिथिन सलग असते. दुकानदार त्याची जाडी गेजमध्ये सांगतो. 100 गेज म्हणजे साधारण 25 मायक्रॉन, त्या हिशेबाने 1000 गेजचा कागद 250 मायक्रॉनचा. त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 230 ग्रॅम भरते. तो लवचीक असतो, कोपऱ्यावर बसतो, पण पोत्याच्या सुतळीने किंवा खिळ्याने एकदा फाटला की फाटतच जातो. आडव्या-उभ्या ताणाचे थर एकमेकांवर चिकटवलेली बहुपदरी फिल्म 200 ग्रॅम वजनातही फाटायला कठीण असते, म्हणून थप्प्यांच्या धुरीसाठी ती सोयीची पडते. पीव्हीसीचा एक मोठा गुण म्हणजे तो डिंकाने जोडता येतो. पॉलिथिनला साधा डिंक धरत नाही, त्याला उष्णतेनेच जोड द्यावा लागतो. पण पीव्हीसी जड असतो आणि वर्षे गेली की ताठर होतो.

मापाचा हिशेब आधी करावा. 9 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच थप्पीला चारही बाजूंनी जमिनीवर एकेक मीटर कड हवी असेल, तर आच्छादन 18 मीटर बाय 15 मीटर लागते. 1000 गेजच्या पॉलिथिनमध्ये ते 62 किलोच्या आसपास भरते. इतके ओझे पोत्यांवरून ओढत न्यायचे म्हणजे ते घासणार, आणि भोके बहुधा तिथेच पडतात. म्हणून घडी थप्पीच्या माथ्यावर नेऊन तिथून खाली उलगडावी. दोन तुकडे जोडायचे असतील, तर दोन्ही कडा एकत्र धरून गुंडाळाव्यात आणि चिमटे लावावेत. नुसती कडेवर कड टाकून वर वीट ठेवणे हा जोड नव्हे.

खरी परीक्षा जमिनीजवळ होते. आच्छादनाची कड वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबतात. पिशवी गच्च भरली तर ती काठीसारखी टणक राहते आणि उंचसखल जमिनीवर फटी ठेवते. अर्धवट भरलेली पिशवी पसरून बसते. पिशव्यांची टोके एकमेकींवर चढवावीत, कोपऱ्यांवर दुहेरी ओळ द्यावी. अभनपुरातल्या काही जुन्या गोदामांत फरशीला तडे होते आणि हमाल कडेला ओल्या मातीचा लेप देत. तो उत्तम बसे, मात्र वाळला की भेगाळे आणि पुन्हा सारवावा लागे. मातीच्या किंवा फुटक्या जमिनीवर वायू खालूनही जातो. तिथे थप्पी रचण्यापूर्वीच खाली एक कागद अंथरणे हाच उपाय. गोदामाबाहेरच्या थप्पीला वाऱ्याचा त्रास वेगळा असतो. वारा आच्छादन फुगवतो, दाबतो आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर थोडा वायू बाहेर पडतो.

तपासणी सोपी आहे. अंधाऱ्या गोदामात दार किलकिले करून कागद उजेडासमोर धरला की बारीक भोके चमकतात. ती तेव्हाच चिकटपट्टीने बुजवावीत. धुरी चालू असताना गळती वासावर सोडू नये. फॉस्फीनचा लसणासारखा वास प्रत्येक वेळी येतोच असे नाही. मोजणीचे यंत्र किंवा रंग बदलणारी नळी वापरावी. सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागदही फॉस्फीनने काळा पडतो.

गोळ्यांशिवाय, नुसत्या हवाबंदीने कीड मारायची असेल तर पदार्थाची निवड बदलते. किडे श्वासोच्छ्वासाने आतला ऑक्सिजन संपवतात आणि त्याचे प्रमाण काही टक्क्यांवर उतरले की मरतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच तत्त्वावर चालत. जमिनीतला खोल खड्डा, तोंड मातीने बंद, आणि उघडल्यावर आत उतरण्यापूर्वी हवा खेळू देण्याची सक्त सवय. पेवाच्या या कामाला साधे पॉलिथिन पुरत नाही, कारण त्यातून ऑक्सिजन सावकाश पण सतत आत झिरपतो. आठवडाभराच्या फॉस्फीन धुरीत पॉलिथिनमधून होणारी झिरप सांध्यांच्या गळतीपुढे नगण्य असते. सहा महिन्यांच्या साठवणीत मात्र ती सगळा हेतू हाणून पाडते. त्यासाठी नायलॉन किंवा ईव्हीओएचचा थर मध्ये असलेल्या बहुपदरी पिशव्या लागतात, आणि धान त्याआधी 13-14 टक्क्यांपर्यंत वाळवलेले लागते.

धुरी संपल्यावर कडा एका बाजूने उचलून गोदामाची दारे-खिडक्या उघडतात आणि वायू निघून गेल्याची मोजणी झाल्यावरच आच्छादन काढतात. ते घडी न घालता नळीवर गुंडाळून, उंदरांपासून दूर, टांगून ठेवावे. एकाच रेषेवर वारंवार घडी पडलेला कागद त्या रेषेवरच आधी फाटतो. चिकटपट्ट्यांची दाटी झालेले आच्छादन धुरीतून बाद करून फडावरच्या पावसासाठी द्यावे.