भाराभर चिंध्या

एक ना धड, भाराभर चिंध्या. ऑर्डरची सेवा वेगळी, पैशांची वेगळी, निरोप धाडणारी वेगळी, प्रत्येकीचा डेटाबेस स्वतःचा. अशी मायक्रोसर्व्हिसची मांडणी करायला बसलं की ही म्हण डोक्यातून हलत नाही. म्हण करणाऱ्याला एकसंध वस्त्र हवं होतं, हे उघड आहे. पण धड वस्त्र फाटलं की माणूस उघडा पडतो, हेही त्याला ठाऊक असणारच. 2008 मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. मग 2016 पर्यंत खपून त्यांनी सगळं शेकडो तुकड्यांत मांडलं. म्हणजे चिंध्याच बऱ्या? तर 2023 मध्ये प्राइम व्हिडिओच्या एका चमूनं व्हिडिओचा दर्जा तपासणारे तुकडे पुन्हा एकत्र केले आणि खर्च 90 टक्क्यांहून जास्त उतरला. म्हण जिंकली म्हणावं, तर तेही एवढ्या एकाच कामापुरतं.

शिवाय चिंध्या सांभाळायच्या कुणी, ते म्हणीत नाहीच.

सांभाळण्यावरून धरमतर खाडीच्या काठचे खारबांध आठवतात, खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले. पेण-अलिबागकडे पूर्वी शिलोत्री पद्धत होती. बांधाची डागडुजी शिलोत्रीदारानं करायची आणि त्यापोटी बिघ्यामागे मणभर भात घ्यायचा. जबाबदारी भातातच मोजलेली. पुढे 1979 चा खारभूमी विकास कायदा आला, बांध सरकारी खात्याचे झाले. खेकड्यानं बांधाला पाडलेलं भोक मुठीएवढं असतं, तोवर एक माणूस आणि चार घमेली चिखल पुरतो. उधाणात तिथंच खांड पडली की गाव धावतं, तरी खारं पाणी आत येतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात धड होत नाही. आतल्या शेतांना आपापले छोटे बांध असतात, पण ते पावसाचं पाणी धरायला. खाडीपुढे सगळी शेतं मिळून एकच. मग याला तुकडे म्हणायचं की धड?

कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञानं 1968 मध्ये लिहून ठेवलंय की संस्थेत बोलणं जसं चालतं, तशीच तिनं बांधलेली यंत्रणा होते. ते पटतं. पण शिलोत्रीदार आणि कुळं एकमेकांशी काय बोलत असतील? मण वसूल करून बांधाकडे न फिरकणारेही असतीलच.

माझ्या मांडणीच्या आराखड्यात प्रत्येक सेवेपुढे मी एकेका चमूचं नाव घातलंय. दोन सेवांना जोडणाऱ्या रेघेपुढे कुणाचं घालू? घातलं, तर ती रेघच एक सेवा होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना नव्या रेघा येतात.