आरमाराच्या बेटावर

ग्वामला आलेला प्रवासी प्रथम तुमोनचा किनारा गाठतो. मीही गाठला. काचेसारखे उथळ पाणी, ओळीने हॉटेले, छत्र्यांखाली पहुडलेली जोडपी. हाती आलेल्या रंगीत नकाशात आइस्क्रीमचे दुकानसुद्धा होते. एके काळी इथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती, हे मात्र नव्हते.

अमेरिकेने हे बेट घेतले तो प्रकारच गमतीचा! १८९८ च्या जूनमध्ये 'चार्ल्स्टन' या युद्धनौकेने तोफा डागल्या. युद्धाची वार्ताच न पोचलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना ती सलामी वाटली. बिचारे होडीतून भेटीला गेले. आपण कैदी झालो, हे जहाजावर कळले. त्यांच्यात एक डॉक्टरही होता. पुढे १९५० पर्यंत, मधली अडीच वर्षे जपान्यांची सोडली तर, आरमाराचाच अंमल. गव्हर्नर म्हणजे आरमारी अधिकारी. त्याचा हुकूम तोच कायदा. एकाने तर राजधानीत शीळ घालायलाही बंदी केली होती! मग दुखणी कशी सुटावीत?

पुणेकर वाचकांना १८९७ चा प्लेग आणि घरात शिरणारे सोजीर आठवतील. ग्वाममध्ये तसा रक्तपात झाला नाही. उलट आरमाराच्या डॉक्टरांनी चांगली कामे केली, हे मान्य केलेच पाहिजे. शाळकरी पोरांना जंतांचे औषध पाजले. १९०५ साली बायकामुलांसाठी सुसाना रुग्णालय निघाले. नाव गव्हर्नरच्या पत्नीचे. पण औषध आणि हुकूम एकाच हाती असले, की रोग्याला 'नको' म्हणता येत नाही. १९१२ साली तुमोनच्या रुग्णांना जहाजात घालून फिलिपाइन्समधल्या कुलियन बेटावर धाडले. हजार मैलांहून दूर! आईने पेजेची वाटी पाठवायची तरी कुठे?

आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा? तो लष्करी जहाजातूनच आला. शेकडो चामोरो लोक त्यात गेले.

मला मनापासून आवडल्या त्या इथल्या सुइणी, 'पात्तेरा'. आरमाराने त्यांना शिकवले, परवाने दिले, स्वच्छतेचे नियम लावले. त्या बायकांनी ते सारे मुकाट्याने शिकून घेतले आणि आजीच्या काळची चोळणी व झाडपाला काही सोडला नाही. घरोघर जाऊन बाळंतपणे केली. मोबदल्यात कुणी भाजी देई, कुणी कोंबडी. १ ऑगस्ट १९५० रोजी मुलकी राज्य आले. त्यानंतरही कित्येक वर्षे अपरात्री दार ठोठावले जाई ते पात्तेराचेच.