बालाघाटावर बर्फ?

माझं माहेर अंबाजोगाईचं. २०१४ च्या मार्चात धाकट्याला घेऊन बीडहून एस.टी.नं निघाले. मांजरसुंब्यापर्यंत ऊन असं, की मी पदरानं वारा घेत होते. नेकनूर मागं पडलं आणि आभाळ काळं झालं. मग टपावर कुणी खडे ओतावेत तसा आवाज! ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. पंधरा मिनिटांत रस्ता, बांध, शिवार, सगळं पांढरं.

"आई, बर्फ पडला! काश्मीर झालं!" लेक ओरडला. पुढच्या बाकावरच्या आजीबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, तुमचीही मुलं विचारतील म्हणून सांगते. हिम पडायला ढगापासून जमिनीपर्यंत हवा गारच लागते. वाटेत ऊब लागली की त्याचं पाणी होतं. खाली जमीन तापलेली असेल तर पहिलं हिम टिकतही नाही. गारेचं उलटंच, तिला खालचं ऊनच लागतं! तापलेली दमट हवा जोरानं वर चढते. चार-साडेचार किलोमीटरांच्या वर मार्चातही शून्याखालची थंडी असते. तिथं थेंब गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात. मोठी गार कापून बघा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. वजनाला आली की ती इतक्या वेगानं खाली येते, की वितळायला सवडच नाही.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात पहाटे जे पांढरं दिसतं, तेही आभाळातून पडलेलं नसतं. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब सोडून देते, गवताची पाती हवेहूनही गार होतात आणि त्यांच्यावरच दंव गोठतं.

घरी पोचलो तर वहिनी ओसरीवर. "वन्सं, ज्वारी कापून पडली होती हो," एवढंच बोलली. रानात गेलो. उघड्यावरच्या गारा तापल्या मातीनं केव्हाच पिऊन टाकल्या होत्या. पेंढ्यांच्या सावलीत मात्र ढीग तसेच. त्या साली फेब्रुवारीअखेरपासून मराठवाडाभर हेच चाललं होतं. गहू, हरभरा, आंब्याचा मोहर, काही म्हणून सुटलं नाही. आमची ज्वारी काळी पडली, कडब्याला जनावरं तोंड लावीनात. दोन दिवस आम्ही दोघी त्यातली बरी कणसं निवडत होतो.

लेकानं मामीला दाखवायला डब्यात गार जपून आणली होती. उघडला, तर चमचाभर पाणी! वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसली आणि त्याच्यापुढं गरम दशमी ठेवली.