फुलावरचे औषध

काही शब्द इतके सवयीचे होतात की त्यांच्या अर्थाकडे पाहणेच आपण सोडून देतो. ‘औषध’ हा असाच एक शब्द. शेतकरी म्हणतो, ‘कपाशीवर औषध मारले.’ बंगल्यातली गृहिणी म्हणते, ‘गुलाबावर औषध फवारायला हवे.’ आम्हा हैदराबादकरांच्या कानांवर तेलुगूतला ‘मंदु’ आणि दखनीतला ‘दवा’ हे शब्दही याच अर्थाने पडतात. तिन्ही भाषांनी जणू संगनमत करून विषाच्या बाटलीला औषधाचे नाव दिले आहे. औषध द्यायचे ते रोग्याला, त्याची नाडी पाहून, आणि तो बरा व्हावा म्हणून. बागेत मात्र नाडी कोणी पाहत नाही. पानावर काही हलताना दिसले की बाटली उघडली जाते. तेलुगू वर्तमानपत्रांत ‘पुरुगुल मंदु’, म्हणजे किड्यांचे औषध, हे शब्द आत्महत्येच्या बातम्यांतही भेटतात. त्या बातम्या वाचताना या शब्दामागचे विष उघडे पडते.

हा विचार माझ्या मनात घोळू लागला तो एका फुलझाडामुळे. रुडबेकिया हे त्याचे शास्त्रीय नाव. उप्साला येथील रुडबेक पितापुत्रांच्या स्मरणार्थ लिनीयसने ते ठेवले. मूळचे हे उत्तर अमेरिकेतल्या माळरानांचे रहिवासी. मराठीत त्याला रूढ नाव नाही. मधला भाग शंकूसारखा वर आलेला असतो म्हणून मी आपली त्याला शंकुफूल म्हणते. शेजारच्या तेलुगू बाई तर त्याला सरळ ‘चामंती’, म्हणजे शेवंती, म्हणतात आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, झिनिया, गॅलार्डिया ही सारी एकाच कुळातली भावंडे. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर शेकडो इवल्या फुलांचा मेळावा असतो. भोवतालच्या पिवळ्या पाकळ्या केवळ निमंत्रणासाठी असतात. मधुरस आणि पराग मधल्या गडद शंकूत. ती बारीक फुले एकदम उमलत नाहीत. आधी सर्वांत खालचे वर्तुळ उमलते, मग त्याच्या वरचे. अशी ही पंगत कितीतरी दिवस चालते.

पंगत म्हटली की पाहुणे आले, आणि आगंतुकही. पाऊस सरताना रोपे लावावीत, थंडीत कळ्या धराव्यात आणि नेमका त्याच सुमारास कळीखालच्या कोवळ्या देठावर मावा दिसू लागावा, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. हिरवट-काळे ठिपके देठाला बिलगून रस शोषीत बसतात. उबदार हवेत माव्याच्या माद्या नरावाचून थेट पिल्लांनाच जन्म देतात; त्यामुळे सोमवारी दहा दिसलेले किडे रविवारी मोजता येत नाहीत. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या रांगा लावतात आणि मोबदल्यात त्यांची राखण करतात. फुलकिडे शंकूच्या फटींत लपतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकले तरच ते तीळभर जीव दिसतात. मार्च उजाडून हवा कोरडी झाली की पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळी विणतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटकच नव्हे. त्यामुळे किड्यांसाठी आणलेले विष त्याच्यावर बहुधा वाया जाते आणि त्याला खाणारे शत्रू मात्र मरतात. पानांच्या मागून मारलेली साध्या पाण्याची जोरदार धार त्याला अधिक भोवते.

अशाच एका थंडीत आमच्या वसाहतीच्या समितीने ठराव केला की, सार्वजनिक बागेत दर महिन्याला ‘औषध’ फवारावे. बागेचे काम पाहणारे माळी पालमूरूकडचे. तरुणपणी त्यांनी मजुरीने कपाशीवर फवारणी केलेली. पंप पाठीला लावून, तोंडाला पंचा गुंडाळून ते उभे राहिले तेव्हा मी सहज विचारले, “हातमोजे नाहीत का तुमच्याकडे?” ते हसले. म्हणाले, “अम्मा, हातमोजे कौन देता? दवा मारे तो हाथ की बास दो दिन नै जाती. खाना खाए तो बी आती.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. उन्हाळा कडक असतो हे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. समितीच्या ठरावात फुलांचा विचार होता, खर्चाचा होता. या हातांचा नव्हता.

मी समितीकडे आठ दिवसांची मुदत मागितली. ती काहीशी नाराजीने मिळाली. त्या आठ दिवसांत आम्ही दोघांनी फार काही केले असे नाही. सर्वांत भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले, देठांवर पाण्याची धार मारली, बुंध्याशी चढणाऱ्या मुंग्यांची वाट अडवली आणि रोज सकाळी पाने उलटून पाहिली. तिसऱ्या दिवशी माळ्यांनी एक काळपट, काटेरी, सुसरीच्या पिल्लासारखा दिसणारा जीव दाखवला आणि तो चिरडायला बोट उचलले. मी त्यांना थांबवले. ती ढालकिड्याची अळी होती. लाल-पिवळ्या, ठिपकेदार ढालकिड्याला सारे ओळखतात, पण त्याचे बालपण इतके कुरूप असते की कीड समजून माणसे त्यालाच आधी मारतात. ही अळी आपल्या छोट्या आयुष्यात शेकडो मावा फस्त करते. पुढे क्रायसोपाची केसासारख्या बारीक दांड्यांवर तोललेली अंडी दिसली. काही मावा फुगून तपकिरी झाले होते आणि त्यांच्या पाठीला वाटोळे भोक होते. परोपजीवी सूक्ष्म गांधीलमाशी आत वाढून तेथून बाहेर पडली होती. आठव्या दिवशी मावा संपला नव्हता. पण तो वाढत नव्हता आणि कळ्या उमलत होत्या. समितीने मासिक फवारणीचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. आमच्या वसाहतीत तहकूब झालेले विषय सहसा परत येत नाहीत.

एका वसाहतीच्या बागेवरून शेतीला उपदेश करावा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी दहा फुले गेली तर एक सकाळ उदास जाईल. शेतकऱ्याचे वर्ष जाते. २०२१ च्या अखेरीस तेलंगणा आणि आंध्रमधल्या मिरचीवर थ्रिप्स पार्विस्पिनस हा फुलकिडा उतरला. आग्नेय आशियातून आलेला हा जीव भारतात प्रथम २०१५ साली बेंगळुरूजवळ पपईवर नोंदला गेला होता. तेलुगूत फुलकिड्यांना ‘तामर पुरुगु’ म्हणतात. हा नवा फुलकिडा थेट मिरचीच्या फुलांत शिरे, आणि फुले गळून पडत. शेतकऱ्यांनी फवारणीमागून फवारणी केली, कर्ज काढून केली. पण फुलाच्या पोटात दडलेल्या किड्यापर्यंत विष पोचणे अवघड होते आणि त्याला खाणारे मित्रकीटक तर उघड्यावरच होते. खम्मम, वरंगळ भागांत अनेकांनी उभे पीक उपटून टाकले. त्याआधी २०१७ साली आपल्या यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक डोक्याच्या उंचीचे, हवा कोंदट, पाठीवर पंप आणि अंगावर रोजचाच सदरा. ‘औषधा’ने मेलेली ही माणसे रोगी नव्हती.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: भाजीचे ठीक आहे, पण फुले काही आपण खात नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ सालीच मनाई झाली. मात्र फुले भाजीपाल्यात मोडत नाहीत, असा सोयीचा अर्थ काढता येत होता. परंतु आपण फुलांचे काय करतो ते पाहावे. ती नाकाशी धरतो, केसांत माळतो, देवाच्या मूर्तीवर वाहून तेच निर्माल्य डोळ्यांना लावतो. या शहरात तर भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्माचा उत्सव असतो. तंगेडु म्हणजे आपला तरवड, गुनुगु म्हणजे कुरडू, आणि झेंडू, शेवंती अशा फुलांचे थर बायका आपल्या हातांनी रचतात, त्यांच्याभोवती फेर धरून गातात आणि अखेरीस तो फुलांचा मनोरा तळ्याच्या पाण्यात सोडतात. फुलावर जे फवारले ते या साऱ्या वाटांनी हिंडते.

दुसरी वाट दाखवणारी माणसे याच शहरात आहेत. राजेंद्रनगर येथे वनस्पती संरक्षणाचे शिक्षण देणारे केंद्र १९६६ पासून आहे. आज ते राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखले जाते. ‘संरक्षण’ जाऊन ‘आरोग्य’ आले, हा नावातला बदल मला अर्थपूर्ण वाटतो. शेतात आधी शत्रुकीटक किती आणि मित्रकीटक किती ते मोजा आणि मगच उपायाचा निर्णय घ्या, असे तेथे शिकवले जाते. बांधावर फुलझाडे लावा, असेही सांगितले जाते, कारण माव्याच्या शत्रूंपैकी कित्येकांना प्रौढपणी मधुरस आणि पराग लागतात. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ सुचवली. घाटेअळीची मादी टोमॅटो सोडून झेंडूकडे वळते, हे त्यामागचे मर्म. म्हणजे ज्या कुळातल्या फुलाला आपण रोगी समजतो, ते फूल शेतात वैद्याच्या कामी येते. त्यावर विष फवारणे म्हणजे दवाखानाच जाळण्यासारखे आहे.

कधी कधी वाट पाहून भागत नाही, हेही खरे. त्यासाठी मी जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवते. पन्नास ग्रॅम निंबोळीगराची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, फडक्याने गाळून एक लिटर करावी, चिमूटभर साबण घालावा. हा अर्क संध्याकाळी फवारावा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, आणि मधमाश्याही तोवर घरी परतलेल्या असतात. पिठ्या ढेकणांसाठी जुना दाढीचा ब्रश आणि साबणाचे पाणी पुरते. अर्थात निंबोळी सौम्य असली तरी तीही उपायच. तिच्याआधीही पान उलटून पाहावेच लागते.

आमचे माळी आता पंप मागण्याआधी पान उलटतात. कधी मला हाक मारून सांगतात, “अम्मा, अपना वाला कीडा आया.” त्या ‘अपना वाला’मध्ये मला निदानाची सुरुवात दिसते. यंदाच्या शंकुफुलांचे बी मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवले आहे. त्यातले निम्मे त्यांनी पालमूरूला न्यायला मागितले. भावाच्या मिरचीच्या बांधावर लावून पाहणार आहेत.